साबण केला की खवा?

आमच्या घरी करडईच्या तेलाची ददात नाही. मंगळवेढ्याकडे शेत आहे, तेल घाण्यावरून काढून येतं. त्यामुळे पहिला साबण करताना ४०० ग्रॅम करडईचं तेल आणि जेमतेम १०० ग्रॅम खोबरेल घेतलं. कॉस्टिक सोडा ६९ ग्रॅम. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो, तो हिशेब नीट केला होता. घट्टपणाचा विचार मात्र डोक्यातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साबण डब्यातून सुटेना. चौथ्या दिवशी कसाबसा काढला, तर वड्या सुरीला चिकटल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, साबण केलास का खवा?" सहा आठवडे सुकवूनही नख रुतायचं. न्हाणीत ठेवलेली वडी आठवड्यात बुळबुळीत झाली. पुढे उन्हाळ्यात उरलेल्या वड्यांवर नारिंगी ठिपके आले आणि खवट वास सुटला.

फसवलं ते आमच्या सोलापूरच्या उकाड्यानं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि इथे बाटली वर्षातले बहुतेक दिवस पातळच. म्हणून दोन्ही तेलं मला सारखीच वाटली. डिसेंबरात एका सकाळी खोबरेल बाटलीत दगड झालेलं दिसलं, शेजारचं करडईचं तेल मात्र खळखळ वाहत होतं. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं.

तेल हे स्निग्ध आम्लांचं बनलेलं असतं. करडईच्या तेलात सुमारे पाऊण भाग लिनोलेइक आम्ल. त्याच्या रेणूतली कार्बनची साखळी दोन ठिकाणी वाकलेली असते. खोबरेलातलं जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, त्याची साखळी सरळ. कडब्याची पेंढी आवळून बांधता येते, बाभळीच्या वाकड्या फांट्यांची मोळी कितीही आवळा, पोकळच राहते. तसंच हे: वाकड्या साखळ्या दाटीनं बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं आणि साबण मऊ. आणि जिथे साखळी वाकते तिथेच हवा लागून तेल खवटतं.

मग हट्टानं नुसत्या खोबरेलाचा साबण केला. दगडासारखा! कापायला उशीर झाला तर तुकडे उडाले. आमच्या बोअरच्या जड पाण्यातही फेस झकास, पण अंग पांढरंफटक पडलं. शिवाय एवढा टणक असून भराभर झिजला. टणक साबण जास्त दिवस टिकतो, हा माझा समज इथे मोडला. लॉरिकचा साबण पाण्यात चटकन विरघळतो. वडी टिकायला पामतेलातलं पामिटिक आम्ल हवं.

आता ५०० ग्रॅमला माझं माप: खोबरेल २५०, पाम १२५, करडई १००, एरंडेल २५. सोडा ७६ ग्रॅम, पाणी १६० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, आणि ॲल्युमिनियमचं भांडं लांब ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वड्या सुटतात, चार-पाच आठवडे सुकवते. करडई अजून कमी करावी असं मला वाटतं, पण घरचं तेल आहे, सासूबाई ऐकत नाहीत.