चौसष्ट अक्षरं आणि सकाळचं दूध

पहाटे पाच-चाळीसला फोन वाजला की कुठल्यातरी डेअरीत काम अडलंय हे मी ओळखते. कराड, पाटण आणि वाळवा तालुक्यांतल्या ४१ दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर मी देते. मीच लिहिलेलं, मीच सांभाळते. त्या दिवशी वाळव्याकडच्या एका संस्थेचे सचिव बोलत होते. "ताई, काट्यावर वजन दिसतंय, पण संगणकात काय येईना. स्क्रीनवरचं किटलीचं चित्रच गेलंय, नुसता पांढरा कागद दिसतोय."

पांढरा कागद म्हटल्यावर पोटात गोळा आला. शॉर्टकट जागेवर असतो, पण तो ज्या फाइलकडे नेतो ती फाइलच उरलेली नसते, तेव्हा आयकॉन असा पांढरा पडतो. आदल्या रात्री कुणीतरी मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं होतं. अँटिव्हायरसनं साठलेलं अपडेट उतरवून घेतलं आणि माझी एक्झी फाइल, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी मुख्य फाइल, घातक ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडवाड्यात टाकली.

आधी दुधाचं बघायला हवं होतं. "अण्णा, वही काढा," म्हटलं. सभासद नंबर, काट्यावरचा आकडा, दूध तपासणाऱ्या अ‍ॅनालायझरवरचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), एवढं लिहा. दर आणि रक्कम मी संध्याकाळी बसवून देते. साडेसातला टेम्पो येतो. तो थांबत नाही आणि दूध तर त्याहून थांबत नाही. पण वही रांगेतल्या माणसाला पटत नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नाही. गावागावांत संगणक आला तोच मुळी काटा मारतात, फॅट कमी लावतात या तक्रारींमुळे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो; एखादा पॉइंट खाली आला की लिटरमागे पैसे कापले जातात. म्हणून छापील पावतीला एवढी किंमत. फोनमध्ये मागून एका म्हातारीचा आवाज येत होता, "माझी चिठ्ठी कुठाय?"

सहाच्या आत आणखी दोन संस्थांचे फोन आले. तिन्हीकडे अँटिव्हायरस एकाच कंपनीचा आणि तिन्हीकडे मी त्याच आठवड्यात दिलेली नवी आवृत्ती. तेवढ्यात अध्यक्षांनी फोन घेतला. "ताई, ते अँटिव्हायरस काढूनच टाकतो. त्याचा काय उपयोग?"

त्यांना मी ठामपणे नाही म्हटलं, आणि त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थेत असंच झालं, तेव्हा 'बंद करा, माझीच फाइल आहे' असं मी फोनवरच सांगून मोकळी झाले होते. फाइल माझीच होती, पण पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस तिला चिकटलेला होता. सॅलिटीसारखे व्हायरस चांगल्या एक्झी फाइलमध्येच शिरतात. नाव तेच राहतं, प्रोग्रॅमही चालतो, आणि उघडला की शेजारच्या फाइलीही बाधतात. दोन दिवसांत त्या संगणकावरचं काही वापरण्यासारखं उरलं नाही. दहा दिवसांचं बिल आम्ही जुन्या पावत्या गोळा करून हातानं काढलं. अँटिव्हायरस चुकला असं म्हणण्याआधी फाइल तपासायची, हे तेव्हापासून मी पाळते.

तपासायची कशी? प्रत्येक आवृत्ती बाहेर देताना मी तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, वहीत लिहून ठेवते. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा हॅश पार वेगळा येतो. सचिवांची मुलगी बारावीला आहे, तिला फोनवर घेतलं. एनीडेस्कनं, म्हणजे दुरून तिचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं बघणार होते, पण रेंज दोनदा तुटली. मग फाइल क्वारंटाइनमधून वेगळ्या फोल्डरमध्ये काढायला सांगितली आणि बजावलं, हिच्यावर क्लिक करायचं नाही. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून हॅश काढणाऱ्या सर्टयूटिलची ओळ मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. पडद्यावर ६४ अक्षरं आली.

ती वाचून दाखवणं हे खरं काम. फोनवर बी, सी, डी, ई सगळी सारखीच ऐकू येतात, आणि मागे किटल्यांचा खणखणाट. दोनदा चुकल्यावर तिनंच तोडगा काढला. "मॅडम, बी बैलाचा, सी सीताफळाचा, डी डिंकाचा, ई ईदचा." मग चार-चार अक्षरांचे तुकडे पाडून वाचलं. "सात, एफ फणसाचा, शून्य, डी डिंकाचा." मी वहीवर पेन्सिलनं एकेक टिक करत होते. सोळावा तुकडा जुळला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

जुळलं याचा अर्थ एवढाच, की मी पाठवली तीच फाइल तिथे आहे. माझी फाइल स्वच्छ आहे हे त्यातून कळत नाही. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या फोन-सॉफ्टवेअरच्या अपडेटवर सुरक्षा प्रणाली ओरडत होत्या, तेव्हा बऱ्याच जणांना तो खोटा इशारा वाटला. प्रत्यक्षात कंपनीच्या आतच घुसखोरी झाली होती आणि घातक कोड कंपनीच्याच डिजिटल सहीनिशी (फाइल खरंच त्या कंपनीची आहे हे सांगणारी खूण) ग्राहकांपर्यंत गेला होता. उलटंही घडतं. एप्रिल २०१० मध्ये मॅकअ‍ॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःची, ती चालायला लागणारी एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवली, आणि जगभर संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. दोन्ही शक्य आहेत म्हणूनच अंदाजावर जाता येत नाही.

तेव्हा आधी माझं मशीन ऑफलाइन स्कॅननं तपासलं. काही सापडलं नाही. माझ्याकडची मूळ फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाकली. तिथे वेगवेगळ्या अँटिव्हायरसची सुमारे ७० इंजिनं एकाच वेळी तपासतात. तिघांनी धोका दाखवला, आणि तिघांच्याही नावात 'जेनेरिक' होतं, म्हणजे ओळखीचा कुठला व्हायरस नाही, फक्त चालचलन संशयास्पद. मग तोच कोड यूपीएक्स न लावता पुन्हा बिल्ड केला, म्हणजे त्याची एक्झी नव्यानं बनवली. एकाही इंजिनानं हरकत घेतली नाही.

यूपीएक्स हे फाइल दाबून लहान करायचं साधन. व्हॉट्सअ‍ॅपवर पटकन जावी म्हणून मी ते पहिल्यांदाच लावलं होतं. व्हायरस लिहिणारेही आतला कोड झाकायला तेच वापरतात. त्यातून माझी फाइल नवीकोरी, जगात ४१ ठिकाणीच असलेली, तिच्यावर डिजिटल सही नाही; ती संगणक सुरू होताच चालते, सीरियल पोर्ट (काटा जोडायची जागा) उघडते, नेटवरून दरपत्रक आणते. अँटिव्हायरसच्या जागी मी असते तर मीही तिला दारात अडवलं असतं.

दोन संस्थांत नवा बिल्ड दिला आणि त्याचेही हॅश जुळवून घेतले. तिसरीकडे नेट इतकं मंद की फाइल उतरेना, तिथे तात्पुरती त्या अडवलेल्या फाइललाच अँटिव्हायरसमध्ये सूट दिली. सूट त्या एका फाइलपुरतीच, तीही हॅशवर. अख्ख्या फोल्डरला किंवा सी ड्राइव्हला सूट देऊन बसलेले संगणक मी पाहिलेत. तिथे अँटिव्हायरस असून नसल्यासारखा. मग अडवलेली फाइल झिपमध्ये घालून, रिवाजाप्रमाणे 'इन्फेक्टेड' हा पासवर्ड लावून, खोट्या इशाऱ्याचा अर्ज कंपनीकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, इशारा मागे घेतला. डिजिटल सहीसाठीही त्याच आठवड्यात अर्ज केला. जून २०२३ पासून सहीची किल्ली (सही करायची गुप्त फाइल) हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, त्यामुळे कागदपत्रं, पडताळणी, कुरियर यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. हे मी फार आधी करायला हवं होतं.

संध्याकाळच्या संकलनाला मी स्वतः गेले. वहीतल्या ६३ नोंदी त्या मुलीनं वाचल्या, मी भरल्या, दर बसला. तीन ठिकाणी फॅटचा आकडा पुसट होता. अ‍ॅनालायझरच्या मेमरीत पाहूनच तो घातला. सकाळची म्हातारी किटली घेऊन रांगेत होती. सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन पावत्या तिच्या हातात दिल्या. तिला वाचता येत नाही. तिनं त्या मुलीकडून दोन्ही वाचून घेतल्या, सकाळचं फॅट पुन्हा एकदा विचारलं, आणि घडी घालून कनवटीला लावल्या.