फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या फायरवॉलचा गुरुवार

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि पुण्याच्या परिसरात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही बहुधा गुरुवारच असतो. संगणकांची देखभाल करणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे, कारण ज्या दिवशी यंत्रणा बंद ठेवून काम करण्याची मुभा मिळते, नेमका त्याच दिवशी विजेचा भरवसा नसतो. मे 2006 मधील एका गुरुवारी या अडचणीचा मला आलेला अनुभव येथे लिहीत आहे.

मी तेव्हा यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या संगणकजाळ्याचे काम पाहत असे. चाळीसेक संगणकांची इंटरनेटवरील ये-जा पेन्टियम टू जातीच्या एका जुन्या संगणकातून होत होती. त्यात 64 एमबी मेमरी, सव्वाचार जीबीची हार्डडिस्क आणि दोन नेटवर्क कार्डे होती, आणि त्यावर ओपनबीएसडी ही कार्यप्रणाली पीएफ नावाच्या गाळणीसह फायरवॉलचे, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारेकऱ्याचे, काम करीत होती. कॅनडातील कॅलगरी शहरात राहणाऱ्या थिओ डी राट यांच्या पुढाकाराने 1995 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सहा महिन्यांनी एक नवी आवृत्ती काढतो आणि प्रत्येक आवृत्तीसाठी सुमारे वर्षभरच सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवतो. आमच्याकडे मे 2005 ची 3.7 ही आवृत्ती होती. 1 मे 2006 रोजी 3.9 आली आणि 3.7 च्या दुरुस्त्या थांबल्या. जगाच्या आणि कारखान्याच्या मधोमध उभ्या असलेल्या यंत्रावर अशी कार्यप्रणाली ठेवणे मला मान्य नव्हते. शिवाय ओपनबीएसडीत मधली आवृत्ती ओलांडून उडी मारू नये असा नियम आहे, त्यामुळे 3.7 वरून 3.8 आणि तेथून 3.9 असे दोन टप्पे एकाच सुट्टीत पार पाडणे भाग होते.

अडचण अशी की या यंत्राला बाहेरून काही वाचण्याची सोयच उरली नव्हती. सीडी ड्राइव्ह पहिल्यापासून नव्हता. यूएसबीवरून सुरू होणे त्या काळच्या बायॉसला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत प्रणालीला, ठाऊक नव्हते. थ्री-कॉमच्या नेटवर्क कार्डावर जाळ्यावरून यंत्र सुरू करू देणाऱ्या बूट रॉमची खोबण होती, पण ती रिकामी होती. राहिला फ्लॉपी ड्राइव्ह. 3.7 बसवताना त्यानेच काम केले होते, पण शेजारच्या ग्राइंडिंग विभागातून येणारी लोखंडाची बारीक पूड त्याच्या वाचनशीर्षावर इतकी साचली होती, की दोन डिस्का वाया गेल्यानंतर तिसरी कशीबशी वाचली गेली. तो ड्राइव्ह त्याच दिवशी काढून टाकला, भोकावर चिकटपट्टी लावली आणि बायॉसमध्ये 'ड्राइव्ह ए' पुढे 'नाही' अशी नोंद केली. केबल ओढताना मदरबोर्डवरच्या 34 पिनांच्या खोबणीतील एक पिन तुटली, म्हणजे नवा ड्राइव्ह आणून जोडण्याचा मार्गही बंद झाला. हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावता आली असती, परंतु जवळपास वर्षभर अखंड फिरणारी जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री देता येत नाही, म्हणून तो उपाय मी अगदी शेवटचा म्हणून राखून ठेवला.

मार्ग ओपनबीएसडीतच होता. प्रत्येक आवृत्तीसोबत बीएसडी.आरडी नावाची चार-पाच एमबीची एक फाइल मिळते. तिच्यात कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आणि त्याच्या पोटात स्थापनेची सगळी साधने असलेली, मेमरीतच राहणारी छोटी रॅमडिस्क असते. फ्लॉपीवर जे मिळते तेच हे, फक्त फ्लॉपीला तिच्या मापात बसावे लागते. 80 ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर 18 सेक्टर आणि सेक्टरमध्ये 512 बाइट, असा हिशेब केला तर होतात 14,74,560 बाइट. तेवढ्यात मावण्यासाठी कर्नल दाबून बसवावा लागतो आणि कित्येक ड्रायव्हर वगळावे लागतात. बीएसडी.आरडीला ते बंधन नाही. नव्या आवृत्तीची ही फाइल चालू यंत्राच्या मूळ निर्देशिकेत ठेवायची, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि 'बूट' ही सूचना पडद्यावर आली की पाच सेकंदांच्या आत तिचे नाव टंकायचे. मग जुन्या डिस्कवरूनच नवा कर्नल मेमरीत जाऊन बसतो, आणि डिस्क मोकळी राहिल्यामुळे तिच्यावरील कार्यप्रणाली बदलता येते.

सकाळी नऊ वाजता मी पोहोचलो. वीज आधीच गेलेली होती आणि जनरेटर चालू होता. दोन रात्री घरून उतरवून सीडीवर घेतलेल्या दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली मी लेखा विभागाच्या विंडोज संगणकावर उतरवल्या, फायरवॉलवर फाइली पाठवण्याची एफटीपी सेवा तात्पुरती, आतल्या बाजूपुरती सुरू केली आणि फाइली तिच्या होम विभाजनात पाठवल्या. जाळ्यावर अवलंबून न राहता कार्यप्रणालीच्या फाइलींचे सगळे संच यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायचे, हे मी आधीच ठरवले होते.

स्टोअरमधला एक मुलगा काम शिकायला म्हणून सुट्टीच्या दिवशी आला होता. प्रकल्पाने दिलेली एमडी5 बेरीज, म्हणजे फाइल बिनचूक पोहोचली की नाही हे ताडण्याची खूण, कागदावरून वाचून दाखवण्याचे काम मी त्याच्याकडे दिले. बत्तीस अक्षरे चार-चारांच्या गटाने तो वाचणार आणि मी पडद्यावर बोट ठेवून पडताळणार. बीएसडी.आरडीचा पहिलाच गट जुळला नाही.

"सर, मी चुकीची ओळ वाचली का?"

त्याची ओळ बरोबर होती. फाइलींचे आकारमान पाहिले तर फायरवॉलवरील फाइल मूळ फाइलीपेक्षा थोडी लहान होती, आणि ते पाहताच कारण लक्षात आले. विंडोजच्या आदेशपटलावरील एफटीपी, वेगळे सांगितले नाही तर, फाइल मजकूर म्हणून पाठवते, आणि मजकुरात ओळीच्या शेवटी येणारी दोन चिन्हे पलीकडे पोहोचताना एक होतात. मजकुरासाठी ते योग्यच आहे, पण कर्नलसारख्या द्विमान (बायनरी) फाइलीत ती जोडी जेथे जेथे योगायोगाने येते तेथे तेथे एक बाइट गळतो. 'बायनरी' हा एक शब्द टंकून सर्व फाइली पुन्हा पाठवल्या. या वेळी बत्तीसच्या बत्तीस अक्षरे जुळली, आणि मग प्रत्येक संचाची बेरीज आम्ही त्याच पद्धतीने वाचली. त्यात पाऊण तास गेला, तो घालवलाच पाहिजे असा होता.

दुपारी एकच्या सुमारास वीज आली. जनरेटर चालवणारे काका डोकावून म्हणाले, "साहेब, लाइट आली. आता संध्याकाळपर्यंत जायची नाही. मी जेवून येतो." त्यांनी जनरेटर बंद केला आणि ते घरी गेले. मी त्यांना थांबवायला हवे होते, कारण यूपीएसची बॅटरी किती वेळ तग धरते हे मी कित्येक महिन्यांत तपासलेले नव्हते.

दोन वाजून गेल्यावर यंत्र पुन्हा सुरू केले. बूटची सूचना आली, नाव टंकले आणि ओपनबीएसडीच्या परिचित निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ओळी सरकू लागल्या. डिस्क ओळखली गेली, दोन्ही कार्डे ओळखली गेली, आणि शेवटी इन्स्टॉल, अपग्रेड की शेल, असा प्रश्न आला. मी अपग्रेडसाठी 'यू' दाबले. मूळ विभाजनाची तपासणी झाली, संच कोठे आहेत ते सांगितले. ईटीसी हा संच तेव्हा अपग्रेडच्या वेळी घ्यायचा नसे, कारण तो आपल्या सर्व मांडणीवर नवी कोरी मांडणी लिहीत असे. त्याशिवाय मी आणखी एक नाव जाणीवपूर्वक वगळले, ते म्हणजे खुद्द बीएसडी.आरडी. ती डिस्कवर आधीच तपासून ठेवलेली होती आणि काम चालू असताना तिला कोणी हात लावू नये अशी माझी इच्छा होती. नवा कर्नल बसला. बेस हा सर्वांत मोठा संच उलगडू लागला, प्रगतीची रेघ अर्ध्याच्या पुढे गेली, आणि दिवे गेले.

यूपीएसने किंचाळायला सुरुवात केली. मुलगा काकांना बोलावण्यासाठी सायकलवर धावला. मी पडद्याकडे पाहत उभा राहिलो, दुसरे करण्यासारखे काही नव्हते. दीड मिनिटात यूपीएस गप्प झाला आणि त्याच्यासोबत फायरवॉलही.

अर्ध्या तासाने जनरेटर सुरू झाला. तोवर मी मनाशी हिशेब मांडला होता. कर्नल मेमरीत आणणारा बूट लोडर अपग्रेडच्या अगदी शेवटच्या टप्प्यात लिहिला जातो, म्हणजे जुना लोडर जागेवर आहे. बीएसडी.आरडी जागेवर आहे. संच होम विभाजनात आहेत. डिस्कवरील कार्यप्रणाली अर्धी जुनी आणि अर्धी नवी असली तरी मला तिची गरज नाही, कारण रॅमडिस्क स्वतःच्या साधनांवर चालते. तेव्हा यंत्र सुरू झाले की पुन्हा तेच नाव टंकायचे आणि पहिल्यापासून अपग्रेड करायचे. या हिशेबात चूक नव्हती, पण यंत्र सुरू होणे मी गृहीत धरले होते.

बटण दाबले. मेमरी मोजली गेली आणि पडदा थांबला. सीमॉसची, म्हणजे बायॉसच्या नोंदी ठेवणाऱ्या मेमरीची, बेरीज चुकली, मूळ मूल्ये घेतली, अशी एक ओळ होती. तिच्याखाली दुसरी: 'फ्लॉपी डिस्क फेल'. पुढे जाण्यासाठी एफ1 दाबा. दाबल्यावरही हार्डडिस्क सापडत नव्हती. क्षणभर मला वाटले की डिस्क गेली, आणि पोटात गोळा आला. मग कान लावला, तर ती व्यवस्थित फिरत होती. खरे कारण मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या बटण-सेलमध्ये होते. मल्टिमीटर लावला तेव्हा तीन व्होल्टच्या सेलमध्ये जेमतेम सव्वा व्होल्ट उरला होता. गेले जवळजवळ वर्षभर यंत्राची वीज एकदाही तुटली नव्हती, म्हणून सेल संपल्याचे कोणाला कळलेच नाही. वीज न तोडता यंत्र पुन्हा सुरू केले तर बायॉसच्या नोंदी टिकतात, पण वीज तुटल्याबरोबर त्या पुसल्या गेल्या. बायॉसने कारखान्यातून निघतानाची मूल्ये घेतली, आणि त्या मूल्यांनुसार या संगणकाला 1.44 एमबीचा फ्लॉपी ड्राइव्ह होता. वर्षापूर्वी मी काढून फेकलेल्या ड्राइव्हची यंत्र वाट पाहत होते.

स्टोअरमध्ये मोडीत काढलेले दोन मदरबोर्ड पडून होते. त्यातल्या एकाच्या सेलने पावणेतीन व्होल्ट दाखवले. वीज पूर्ण तोडून तो सेल बसवला आणि बायॉसमध्ये गेलो. ड्राइव्ह ए पुढे 'नाही' लिहिले. हार्डडिस्क स्वयंशोधाने नोंदवली आणि तिच्यावरील जागा मोजण्याची पद्धत पूर्वीप्रमाणे एलबीए ठेवली, कारण ती बदलली तर लोडरला त्याच्या जागा सापडत नाहीत. तारीख दुरुस्त केली. त्रुटी आढळल्यास थांबावे की नाही या नोंदीत 'कधीही थांबू नये' असे निवडले, म्हणजे सेल चांगला आहे तोवर तरी कळफलक नसलेले यंत्र एखाद्या किरकोळ त्रुटीपायी एफ1 ची वाट पाहत अडून बसणार नाही.

या वेळी बूटची सूचना आली. बीएसडी.आरडी टंकताना माझी बोटे घामाने ओली होती. निळा पडदा आला. अर्धवट राहिलेल्या विभाजनांची तपासणी तिने स्वतःच केली, काही सुटे तुकडे जोडून घेतले, आणि बेस संच पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडला. मुलाने टाळी वाजवली. काका दारात उभे होते, ते म्हणाले, "तुमचं होईस्तोवर मी जनरेटरपासून हलत नाही." आणि ते खरोखरच रात्री नऊपर्यंत तेथून हलले नाहीत.

त्यानंतरचे काम मोठे होते, पण शांतपणे झाले. ईटीसी संच वेगळ्या निर्देशिकेत उलगडला, प्रत्येक फाइल आमच्या फाइलीशी ताडून पाहिली आणि जेवढे बदल घ्यायचे तेवढेच हाताने घेतले. 3.8 उभी राहिल्यावर 3.9 ची बीएसडी.आरडी तिच्या जागी ठेवली आणि तोच क्रम पुन्हा केला. हा टप्पा तासाभरात संपला.

रात्री आठला वेब आणि टपाल दोन्ही चालू झाले, पण ग्राहकांकडून नकाशे ज्या एफटीपीवरून येतात ती तपासताना लॉगिन होई आणि फाइलींची यादी मागितली की अडकून राही. 3.9 मध्ये एफटीपी-प्रॉक्सी, म्हणजे एफटीपीच्या जोडण्यांची मध्यस्थी करणारी सेवा, नव्याने लिहिली गेली आहे. ती पूर्वीसारखी आयनेटडी या दुसऱ्या सेवेमार्फत न चालता स्वतंत्र सेवा म्हणून चालते आणि प्रत्येक जोडणीपुरते नियम पीएफच्या अँकरमध्ये, म्हणजे नियम नंतर घालण्यासाठी राखलेल्या जागेत, घालते. त्यासाठी पीएफच्या फाइलीत तेव्हा तीन अँकर लिहावे लागत: पत्ता-बदलाचा, दिशा-बदलाचा आणि गाळणीचा. मी पहिले दोन लिहिले होते, तिसरा राहिला होता. आमच्या नियमांत आतून बाहेर जाणाऱ्या मोजक्याच पोर्टना वाट होती, त्यामुळे आदेशाची जोडणी जाई आणि विदा आणणारी जोडणी अडे. तिसरी ओळ घातली, नियम आधी नुसते तपासून घेतले, मग लागू केले, आणि यादी तत्काळ उमटली.

निघण्यापूर्वी 3.9 ची बीएसडी.आरडी मूळ निर्देशिकेत तशीच ठेवली आणि तिची एमडी5 बेरीज पेटीच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवली. त्याच कागदावर सेल बदलल्याची तारीख लिहिली. यूपीएसच्या नव्या बॅटरीची मागणी वहीत नोंदवून काकांची सही घेतली, आणि जनरेटर बंद करण्याआधी रस्त्यावरचे दिवे लागले आहेत ना, हे आम्ही दोघांनी बाहेर जाऊन पाहिले.