एका कोऱ्या रकान्यापायी

“रकाना कोरा आहे, ताई.” चर्चच्या ऑफिसमधल्या त्या बाईंचं हे वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांच्याच सुरात म्हणून दाखवता येईल.

आमचं घर म्हणजे चर्चचीच एक खोली. सासूबाई लीजन ऑफ मेरी या मरियामातेच्या भक्तांच्या संघटनेत, नवरा रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो, मी गायकवृंदात, दीर वेदीसेवकांना तयार करतो. असं असूनही लेकीचा बाप्तिस्मा व्हायला वर्ष लागलं. चर्चच्या कायद्याचं, म्हणजे कॅनन लॉचं, ८६७ वं कलम सांगतं की पालकांनी बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यावा. हे कलम नवरा दुसऱ्यांना शिकवतो! पण आधी माझी ख्रिसमसच्या गाण्यांची तालीम, मग प्रायश्चित्तकाळ, म्हणजे लेंट (त्या काळात बाप्तिस्म्याला बंदी नसते, पण आमच्याकडे ते पाश्चापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत थांबवतात), मग नवऱ्याच्या वर्गातल्या मुलांचं पहिलं कम्युनियन (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी). प्रत्येक रविवारी कुणी ना कुणी अडकलेलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “आता वाढदिवसालाच उरका दोन्ही.” वाढदिवस शनिवारी येत होता, दुसऱ्या दिवशी रविवार. ठरलं.

पालकांचा तयारीवर्ग, अर्ज, तारीख हे सगळं एका आठवड्यात झालं. एरवी स्वतः वर्ग घेणारा नवरा या वर्गात विद्यार्थी होऊन बसला आणि मधेच फादरांची चूक काढायला गेला, तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. धर्मपिता (गॉडफादर) म्हणून नवऱ्याचा मित्र, त्याचे कागद दोन दिवसांत आले.

धर्ममाता (गॉडमदर) नणंद. इथे माशी शिंकली.

धर्ममाता किंवा धर्मपिता व्हायचं तर वयाची १६ वर्षं पूर्ण हवीत, कॅथलिक असावं लागतं, पहिलं कम्युनियन आणि दृढीकरण (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं हवं, आणि बाळाचे आईवडील चालत नाहीत. नणंद सगळ्यात बसते. आमच्या ऑफिसने फक्त तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा ताजा उतारा मागितला. ‘ताजा’ यासाठी, की त्या नोंदीत पुढे दृढीकरण आणि लग्नाचीही भर पडत जाते. तिचा बाप्तिस्मा जिथे झाला तिथे मी गेले. बाईंनी जाडजूड वही काढली, बोट फिरवत ओळ शोधली, नाव, आईवडील, तारीख सगळं बरोबर. मग वही माझ्याकडे वळवली. दृढीकरणाच्या रकान्यात नुसत्या दोन निळ्या रेघा. वरच्या ओळीत आहे, खालच्या ओळीत आहे, हिचाच कोरा.

झालं होतं असं की नणंद शाळेत असताना सासरे नोकरीनिमित्त दुसरीकडे राहायला गेले आणि तिचं दृढीकरण तिथल्या चर्चमध्ये झालं. अशा वेळी त्या चर्चने बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं असतं. त्यांनी कळवलंच नाही. मग मी त्या दुसऱ्या ऑफिसात. तिथले गृहस्थ आठवड्यातून तीनच सकाळी बसतात, हे दाराशी पोचल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेला भेटले तर म्हणाले, “तारीख सांगा.” मी नणंदेला फोन लावला. “वहिनी, आठवीत होते. का नववीत? बिशपांची बोटं गार होती एवढं आठवतंय.” गृहस्थांनी बोटांची नोंद नसते असं सांगून वही मिटली. तिसऱ्या खेपेला दोन्ही वर्षं बघायचं कबूल केलं. चौथ्या खेपेला कळलं की ती वही बांधणीला गेली आहे. कधी येईल? “येईल की.”

मी त्या दिवशी तिथेच बाकावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. वाढदिवसाला अकरा दिवस राहिले होते. नवरा म्हणाला, एकच धर्मपिता असला तरी चालतं. चालतंच, कायद्यात तसं आहे. दोघं घेतलेच तर एक स्त्री आणि एक पुरुष हवा, एवढंच. पण नणंदेने बाळाचा पांढरा झगा स्वतः शिवून ठेवला होता, आणि खरं तर मला आता त्या रकान्याशी भांडायचंच होतं.

सुटका झाली ती तालमीनंतर. आमचे फादर दिवे घालवत होते, मी रागारागाने सगळं ओकले. त्यांनी शांतपणे विचारलं, “दृढीकरणाला तिच्यामागे कोण उभं होतं?” (दृढीकरणालाही धर्ममाता किंवा धर्मपिता मागे उभे राहतात.) कागद सापडत नसेल आणि त्यात कुणाचं नुकसान नसेल, तर एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदन पुरतं. कॅनन ८७६ बाप्तिस्म्याबद्दल आहे आणि ८९४ तोच नियम दृढीकरणाला लावतं. हे आम्हाला कुठल्याच ऑफिसने सांगितलं नाही! घरी येऊन विचारलं तर मागे उभ्या होत्या आमच्या आत्या. रोज संध्याकाळी आमच्याच घरी जपमाळेला बसणाऱ्या. “अगं, मला विचारायचं ना,” म्हणाल्या, आणि जपमाळ मांडीवर ठेवून एका कागदावर आठ ओळी लिहून दिल्या. तारखेसकट! सात आठवडे मी बाहेर वणवण करत होते आणि घरात कुणाला कुणाशी बोलायला वेळ नव्हता.

तेव्हा धर्ममाता ठरवताना त्यांना आधी विचारा की तुमचं दृढीकरण कुठे झालं आणि मागे कोण होतं. तारीख नंतर ठरवा. आणि कुणी प्रॉटेस्टंट मैत्रीण मनात असेल तर तिला कॅथलिक धर्मपित्यासोबत साक्षीदार म्हणून उभं राहता येतं, धर्ममाता म्हणून नाही.

समारंभ छान झाला. वर्षाचं मूल मात्र तान्ह्या बाळासारखं हातावर आडवं राहत नाही, वजनही असतं. झोपेच्या वेळेआधीची वेळ मागून घ्या. गळा सैल असलेला कपडा घाला, छातीला तेल लावतात. पाणी तीनदा ओतलं तेव्हा लेक रडली नाही, उलट चौथ्यांदा ओता म्हणून हात पुढे केला. पाश्चाच्या मोठ्या मेणबत्तीवरून धर्मपित्याने तिची मेणबत्ती पेटवली, ती हिसकावायला मात्र तिने चांगलंच भोकाड पसरलं. टाळूला लावलेल्या ख्रिस्म या पवित्र तेलात बाल्सम हा सुगंधी डिंक असतो. सोमवारी सकाळीही तिच्या केसांना तो वास होता, आणि मी आठवडाभर तिचं डोकं हुंगत फिरले.

आदल्या दिवशीचा वाढदिवस? संध्याकाळी सहाला बोलावलेलं, घरचेच निम्मे आठला उगवले. एक जण चर्चमधल्या मिस्सेहून, एक सभेहून.

अरे हो, बाप्तिस्म्याचा दाखला हातात घेतल्या घेतल्या नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. आमच्या लेकीच्या आजीच्या नावात एक अक्षर कमी होतं. काउंटरवर उभ्या उभ्या दुरुस्त करून घेतलं, जागची हललेच नाही.

नणंदेच्या रकान्याचं काम अजून चालू आहे. पुढेमागे लग्नाला तोच उतारा लागणार, म्हणून आत्यांच्या निवेदनाची प्रत घेऊन मी परत त्या पहिल्या ऑफिसात गेले. बाईंनी कागद वहीत खुणेसारखा ठेवला आणि म्हणाल्या, “फादरांची सही झाली की भरू, ताई. दोन आठवड्यांनी फोन करा.”