काका माजी आमदार, म्हणून चालू खातं अडलं

तासगावात बेदाण्याचे सौदे सुरू होते, शेडवरचा माल पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला लागत होता आणि आमच्या फर्मचं चालू खातं काही उघडत नव्हतं. कारण काय, तर माझे काका माजी आमदार.

मी सांगलीत वकिली करत होतो. धाकट्या भावाचा बेदाण्याचा व्यापार वाढला, तेव्हा दोघांनी भागीदारी करायचं ठरवलं. वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही. नुसतं भांडवल घालून, कारभारात हात न घालता भागीदार राहता येतं, आणि वारशाने आलेल्या धंद्यातला हिस्साही तसाच ठेवता येतो. मला मात्र सौद्याला स्वतः उभं राहायचं होतं, म्हणून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित केली. भागीदारीपत्र, पॅन, जीएसटी सगळं सुरळीत झालं.

मग बँक. एका खासगी बँकेच्या केवायसी फॉर्मवर एक चौकोन होता: तुम्ही पॉलिटिकली एक्सपोज्ड पर्सन (महत्त्वाच्या सार्वजनिक पदावर असलेली किंवा राहिलेली व्यक्ती) आहात का, किंवा अशा व्यक्तीचे नातेवाईक आहात का? मी 'नाही'वर खूण केली. समोरच्या अधिकाऱ्याने आमचं आडनाव गुगलवर टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. काकांचा प्रचारातला फोटो होता. "वकीलसाहेब, हे तुमचेच ना?" मी म्हटलं, "हो, सख्खे काका." फॉर्म बाजूला ठेवला गेला. त्यानंतर दर वेळी एकच उत्तर, 'वर पाठवलंय'. वर म्हणजे कुठे, कोणाकडे, हे शाखेत कोणी सांगेना. इकडे व्यापारी पैसे कुठे टाकू म्हणून विचारत होते आणि शेतकरी भावाच्या दारात येऊन बसत होते. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत पॉलिटिकली एक्सपोज्ड पर्सनची व्याख्या परदेशाने महत्त्वाचं सार्वजनिक पद सोपवलेल्या व्यक्तींपुरती आहे, आणि जानेवारी २०२४ च्या दुरुस्तीत ती पुन्हा स्पष्ट केली आहे. आपल्याकडचा माजी आमदार त्यात बसत नाही, मग पुतण्या कुठून बसणार? बँक स्वतःच्या धोरणानुसार जादा चौकशी करू शकते, ती खुशाल करावी. पण हो किंवा नाही काहीतरी सांगावं.

काका म्हणाले, "मी फोन करतो." मी स्पष्ट नको म्हटलं. कोर्टात पहिली केस जिंकलो तेव्हाही लोकांनी ती काकांच्या नावावर टाकली होती. हे खातं माझ्या कागदांवरच उघडायला हवं होतं.

शेवटी शाखेला पत्र दिलं आणि पोच घेतली. काकांशी नातं काय ते लिहिलं, फर्ममध्ये त्यांचा एक रुपयाही नाही हे लिहिलं, दोघा भावांची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि भांडवल कुठून आलं त्याचे बँक उतारे जोडले. शेवटी मागणी केली: खातं नाकारत असाल तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी कळवा. त्याचीच प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल केली. मग फोन आला तो 'सही करायला या' असाच. भावाने त्याच दिवशी व्यापाऱ्यांना खाते क्रमांक पाठवला. मला इतकं हलकं खटला जिंकूनही कधी वाटलं नव्हतं.

अशा घरातल्या कोणालाही हेच सांगेन: नातं लपवू नका, पण तोंडी उत्तरावर परतूही नका. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. बँकेत लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मला तिथवर जावं लागलं नाही.

आणि हो, सनदेचं राहिलंच. स्थगितीच्या अर्जाबरोबर मूळ सनद राज्य बार कौन्सिलकडे जाते, तेव्हा आधी तिच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. पुन्हा वकिली सुरू करताना प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. चालू प्रकरणांत पक्षकाराला आधी सांगा, दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र दाखल होऊ द्या आणि फाइली मोजून, सही घेऊनच हवाली करा.