कंट्रोलवरचं बोट सुटलं आणि १४३ फोटो गेले

दादाच्या लग्नाला दोन महिने झाले तरी अल्बम छापायला गेला नव्हता. कारण एकच, फोटो निवडून होत नव्हते. स्टुडिओने पेन ड्राइव्हवर २,६४० फोटो दिले, त्यांतले १६० निवडायचे. "ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर नका पाठवू, निवडलेल्यांचं वेगळं फोल्डरच करून द्या," असं त्यांनी बजावलं होतं. माझ्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप. सगळे फोटो त्यावर घेतले, तोवर काही अडलं नाही.

अडलं ते निवडण्यात. कंट्रोल दाबून धरायचं आणि हवा त्या फोटोवर क्लिक करायचं, एवढंच मला येत होतं. रविवारी दुपारी एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी, असे तासभर बसलो. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं झाली. फोल्डरच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत निवडलेल्यांचा आकडा १४३ दिसत होता. तेवढ्यात मावशी म्हणाली, "अगं, अंतरपाटाचा तो राहिला बघ, मामा किती छान आलेत त्यात!" मी घाईने क्लिक केलं, पण कंट्रोलवरचं बोट उचललेलं होतं. १४३ चा १ झाला. मला अक्षरशः रडू आलं.

कंट्रोल झेड दाबून पाहिलं. गेलेली निवड परत आणायला ते तुम्ही कधीही करू नका. त्याने निवड परत येत नाही, ते फाइलींवरचं शेवटचं काम उलटवायला जातं. माझं शेवटचं काम म्हणजे पेन ड्राइव्हवरून केलेली कॉपी! फोटो काढून टाकू का, असं विचारणारी चौकट आली, ती मी नीट वाचली म्हणून वाचले.

दुसऱ्या रात्री एकटीच बसले. नव्वदच्या आसपास पोचले असताना क्लिक करताना माउस जरासा सरकला. कंट्रोल दाबलेलं असताना फोटो ओढला गेला की त्याची प्रत तयार होते. माझ्या तर निवडलेल्या सगळ्या फोटोंच्या प्रती त्याच फोल्डरमध्ये येऊन पडल्या, प्रत्येकाच्या नावापुढे 'कॉपी' लागलेलं. इथे मात्र कंट्रोल झेड उपयोगी पडतं, लगेच दाबलं तर त्या सगळ्या प्रती जातात. निवड अर्थातच पुन्हा गेली.

माउस बाजूला ठेवला तेव्हा कुठे मार्ग सापडला. कंट्रोल दाबून ठेवून उजवीकडचा बाण दाबला, तर निळे झालेले फोटो तसेच राहतात आणि एक बारीकशी चौकट तेवढी पुढच्या फोटोवर सरकते. हवा असेल तर स्पेसबार, तो निळा होतो. नको वाटला तर पुन्हा स्पेसबार. डाव्या करंगळीखाली कंट्रोल, डावा अंगठा स्पेसबारवर, उजवा हात बाणांवर. बाण, बाण, स्पेस. बाण, स्पेस. हात काही मिनिटांत बसला आणि मावशी बोलत असतानाही चुकला नाही.

तरी निवड फार वेळ अंगावर बाळगू नका, कारण कंट्रोल सोडून नुसता बाण दाबला की तीही जाते. मी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एक विधी संपला, पंचवीस-तीस फोटो झाले, की कंट्रोल न सोडताच सी, आणि दुसऱ्या खिडकीत 'अल्बम' फोल्डरमध्ये कंट्रोल व्ही. मग काही बिघडलं तरी तेवढ्याच विधीचं काम पुन्हा करावं लागतं. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

सलग फोटो हवे असतील तर पहिल्यावर क्लिक करून शेवटच्यावर शिफ्ट धरून क्लिक. असा दुसरा गट आधीच्या निवडीत मिळवायचा असेल तर त्याच्या पहिल्या फोटोवर कंट्रोल धरून क्लिक आणि शेवटच्यावर कंट्रोल-शिफ्ट दोन्ही धरून. सप्तपदीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये होते आणि बहुतेक सगळेच ठेवायचे होते, म्हणून तिथे नको असलेले निवडले आणि वरच्या तीन टिंबांच्या मेनूतून निवड उलटी करून घेतली.

आईला बटणं धरून ठेवणं जमत नाही. तिच्यासाठी 'व्ह्यू'मधल्या 'शो'मध्ये जाऊन फोटोंवर टिकची चौकट दिसेल असं केलं. त्या चौकटीतच क्लिक केलं तर काहीही दाबून धरावं लागत नाही. वहिनीच्या मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड लागतं, आणि शिफ्ट धरून सलग निवडायचं तर यादीच्या स्वरूपात पाहावं लागतं. चित्रांच्या मांडणीत शिफ्टने एकेकच फोटो वाढतो.

शेवटी १७२ झाले. जास्तीचे बारा आईने स्वतः टिक करून काढले. अंतरपाटाचा, मामांचा, तेवढा तिने राहू दिला.