सगळं ऑनलाइन झालं, मग शिकवता काय?

"सातबारा मोबाइलवर दिसतो, मिळकत पत्रिकाही डाउनलोड होते. मग वस्तीतल्या बायकांना जमिनीचे कागद शिकवून काय मिळतं?" हे मला वरचेवर विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

मिळकत पत्रिकेवर नाव असतं जमिनीच्या धारकाचं. आमच्या मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांकडे तो धारक बहुधा सरकार, महापालिका नाहीतर म्हाडा. तिथे उभं आयुष्य काढलेल्या बाईचं नाव त्यात शोधून सापडणार नाही. तिचं नाव येतं ते झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रता यादीत. झोपडी क्रमांक, नाव, वापर, पुरावे आणि पुढे शेरा: पात्र किंवा अपात्र. झोपडी 1 जानेवारी 2000 पूर्वीची असेल तर घर मोफत, त्यानंतरची पण 1 जानेवारी 2011 पर्यंतची असेल तर पैसे भरून.

परवा वर्गात एका मावशींनी पिशवीतले कागद पसरले. जुन्या मतदार यादीत 'शांता', आधारवर 'शांताबाई', लाइट बिल अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, आणि फेरसर्वेक्षणात झोपडीचा क्रमांकच बदललेला. हे जुळवून द्यायला कुठलाही सर्व्हर येत नाही. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, प्रतिज्ञापत्र, जुना-नवा क्रमांक असं सगळं एकामागे एक लावायचं, मुदतीत हरकत द्यायची आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. हे शिकावं लागतं, आणि आमच्या बायका ते फार लवकर शिकतात.

भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्यांनी 1985 साली 'स्पार्क' या संस्थेच्या साथीने स्वतःची गणना केली होती. त्याच बायकांमधून पुढे 'महिला मिलन' ही बायकांची संघटना उभी राहिली. मुंबईला ही वाट ठाऊक आहे.

पण शिकवायला फक्त बायकांनाच हवं, हे मला अजिबात मान्य नाही. सर्वेक्षणाला येणारी मुलं दुपारी फिरतात, कुलूप दिसलं की 'बंद' लिहून पुढच्या दाराला जातात. त्या वेळी घरची बाई चेंबूरला धुणीभांडी करत असते. संध्याकाळी सातनंतर या, शेजारणीला विचारा, एवढं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. वस्ती जरा कळू लागते तोवर साहेबांची बदली होते, नवे साहेब परत पहिल्यापासून सुरुवात करतात.

म्हणून पुढच्या सर्वेक्षणाआधी त्या मुलांना दोन दिवस आमच्या बायकांबरोबर गल्लीत फिरवा, असा लेखी अर्ज आम्ही दिला आहे. पोच घेतली आहे.