आजीच्या कपाळावरचं गोंदण

नाशिकमध्ये ब्रश हातात धरला की माणूस आधी गोदाघाट काढतो. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी इथल्या हौशी चित्रकारांना ते वेडच लावून ठेवलंय. घाट, वाडे, देवळांची शिखरं, ओल्या फरशीवरचं ऊन. माझंही तेच. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली, पुढे नोकरी लागली, आणि रविवारी सकाळी पॅड घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाण्यापुरती चित्रकला उरली.

आजी गेल्यावर ‘वर्षश्राद्धापर्यंत तिचं चित्र काढते’ असं मी बोलून गेले, तेव्हा घरात सगळ्यांनी मागे रामकुंड आणि पुढे आजी असंच चित्र डोळ्यांसमोर आणलं. मीही तसाच एक कच्चा आराखडा केला. त्यात जन्मभर जुन्या नाशकात राहिलेली आमची आजी दर्शनाला आलेली परगावची बाई वाटत होती. घाट पुसला. तिच्यामागे वाड्यातली, चुन्यात नीळ घालून रंगवलेली भिंत पुरेशी होती.

जलरंग सोडून तैलरंग घेतले, कारण चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा काम करावं लागणार हे दिसत होतं. फोटो ढीगभर मिळाले, कामाचे थोडे. लग्नाकार्यातले फोटो फ्लॅशचे. फ्लॅश समोरून पडतो आणि नाकाची, गालाची सावलीच खाऊन टाकतो. मग चेहरा चपटा दिसतो आणि चित्र काढायला हाताशी काही राहत नाही. शेवटी भावाच्या मोबाइलमध्ये एक सापडला. खिडकीशी बसून आजी लसूण सोलतेय, पदर डोक्यावर, नजर खाली. तो प्रिंट काढून त्यावर चौकटी आखल्या आणि तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखून रेखाटन उतरवलं.

त्वचेचा रंग हे वेगळंच प्रकरण. पुस्तकांतली मिश्रणं बहुतेक गोऱ्या कातडीसाठी असतात. त्यात पांढरा इतका, की आजीला पावडर फासल्यासारखी दिसली असती. मी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) धरून सुरुवात केली, उजेडाच्या बाजूला थोडा पांढरा, आणि सावलीत काळा न घालता बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन निळा. सुरकुत्या रेघांनी काढायच्या नाहीत, हेही हात बसल्यावर कळतं. सुरकुतीची एक कड ठळक असते आणि दुसरी हळूहळू गालात विरते. दोन्ही कडा ठळक ठेवल्या तर चेहरा तडकलेल्या भिंतीसारखा दिसतो.

फोटोत पदराखालचं कपाळ नुसतं काळं आलं होतं. म्हणून आत्याला बसवलं. तिची हाडं हुबेहूब आजीची. आजीचं डाळिंबी इरकल लुगडं डोक्यावरून घेऊन ती खिडकीशी बसली, आणि तोंड काही बंद ठेवेना.

“आत्या, हलू नकोस गं.”

“हलत नाहीये. बोलतेय.”

१९६९चा पूर, वाड्यातल्या कुणाची भांडी वाहून गेली, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्यात कसा दिसेनासा झाला, सगळं ऐकून झालं. मग कॅनव्हासकडे मान वळवून तिने विचारलं, “कुंकू लावणारेस ना?”

घरातलं खरं भांडण इथून सुरू झालं. आजोबा गेले तेव्हा बाबा कॉलेजात होते. त्यानंतर आजीने कुंकू लावलं नाही. काकांचं म्हणणं, जशी होती तशी काढ. आत्या म्हणाली, तिच्या मनाविरुद्ध गेलेलं निदान चित्रात तरी परत दे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आपण नाशिककर अजून कपाळ मोजत बसलोय. मला आत्याचं पटत होतं. पण कुंकवाचा ठिपका लावून पाहिला की चेहरा आजीचा राहत नव्हता. आम्ही नातवंडांनी तिला कधी तशी पाहिलेलीच नव्हती.

बाबा या वादात पडले नव्हते. एका संध्याकाळी चहा घेता घेता म्हणाले, “अगं, तिचं गोंदण कुठंय?”

भुवयांच्या मधोमध एक ठिपका आणि हनुवटीवर तीन. फ्लॅशच्या फोटोंत ते नीट आलेच नव्हते. मी आधी सरळ हिरवट रंग लावला, तर टिकली चिकटवल्यासारखी दिसली. गोंदताना काजळी वापरायची, म्हणजे मूळ रंग काळाच. वर कातडीचा थर असतो म्हणून तो आपल्याला हिरवट-निळा दिसतो. मग मीही तसंच केलं. आधी गडद ठिपका, तो पुरता वाळू दिला, आणि वरून त्वचेच्याच फिक्या रंगाचा अगदी पातळ, कोरड्या ब्रशने घासलेला हात. निळसर छटा आपोआप आली. निळा रंग तिथे औषधालाही नाही. आत्याने चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि कुंकवाचा विषय पुन्हा काढला नाही.

वर्षश्राद्ध भर पावसाळ्यात आलं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. अंबरचा भाग लवकर वाळला होता, पांढरा जिथे जाड होता तिथे बोटाला लागत होता. काका झेंडूचा हार घेऊन उभे. ओल्या रंगावर हार घालू द्यायची माझी तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर वाळल्यावरही नव्हती. हार घातला की लोक हात जोडतात आणि पुढे जातात, चित्र कुणी बघत नाही. थोडी कुरबूर झाली. शेवटी हार फोटोला आणि चित्र बाजूच्या भिंतीवर, असं ठरलं.

वार्निश अजून बाकी आहे. त्याला सहा महिने ते वर्षभर थांबायला हवं. तोवर फक्त मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकते. त्या दिवशी जेवायला आलेल्या शेजारच्या काकूंनी जाताना हळूच विचारलं, “आमच्या ह्यांचं काढशील का गं?” मी विचारलं, खिडकीशी बसलेले असतानाचा, फ्लॅश न मारलेला एखादा फोटो आहे का. त्या अजून शोधतायत.